दहा मिलिमीटर

टॉडमर्डन. नोव्हेंबर. दुपारी तीनलाच दिवे.
ग्रीनवुडबाईंचा प्रश्न उंबऱ्यातच उभा:
"ही भिंत काढता येईल का?"
क्लिफर्डची खाट खाली आणायची होती,
स्वयंपाकघर आणि मागची खोली एक करून,
म्हणजे भांडी घासताना तो दिसत राहील.

भिंतीवर टकटक करून फारसं काही कळत नाही.
तरी मी करते. लोकांना ते हवं असतं,
डॉक्टरनं पाठीला स्टेथोस्कोप लावावा तसं.
खरं उत्तर वरच्या मजल्यावर, गालिच्याखाली:
फळ्यांवरच्या खिळ्यांची रांग.
खिळे जिथे, तिथे खाली तुळई.
तुळया कुठवर जातात, कशावर टेकतात,
ते गुडघ्यांवर बसून बघायचं.
वरची निम्मी खोली हिच्याच डोक्यावर होती.
"येईल काढता," म्हटलं,
"पण तिचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं."
"माझंही," बाई म्हणाल्या, आणि किटली लावली.

मग माळ्यावर गेले, निव्वळ सवयीनं.
विजेरीच्या उजेडात धुराडं.
त्याच्याखाली काहीच नाही.
दोन लाकडी ठोकळे, काजळलेला चुना,
शेजाऱ्याच्या भिंतीला धरलेली विटांची एक कड,
आणि दीड टन वजन
छपरातून वर, पावसात, ताठ.

"क्लिफर्डनंच काढलं खालचं. अठ्ठ्याहत्तरचा ईस्टर.
चार दिवस लागले. विटा मुलीच्या बाबागाडीतून
कालव्यापर्यंत नेल्या. कपाट बसवायचं होतं ना."

सत्तेचाळीस वर्षं.
गणित तीनदा केलं. एकदाही उभं राहिना.
कराडला खैरमोडे सर म्हणायचे:
पडली नाही म्हणजे इमारत पास झाली असं नसतं,
तिची परीक्षा झालेली नसते.
सर, हिची तर रोज रात्री झाली असेल,
दर वादळात, शेजारचा पोरगा ड्रम शिकत होता तेव्हाही.
कुणी तपासलीच नाही, एवढंच.

क्लिफर्ड खिडकीशी बसलेला. सूतगिरणीतला फिटर.
अर्धा चेहरा आता हलत नाही.
उरलेल्या अर्ध्यानं विचारलं: "पडेल?"
मी म्हटलं, माहीत नाही.
हे उत्तर द्यायची फी घेते मी.
तो खूश झाला. म्हणाला, आमच्या गिरणीत
बीडाचे खांब होते, कधी कुरकुर नाही.
मग एके सकाळी एक दुभंगला. हरकाम्या खाली होता.

मोडेन पण वाकणार नाही,
आमच्या घरात हे शाबासकीचं वाक्य.
आण्णा शेवटपर्यंत म्हणत, आणि तसेच गेले,
काकांशी एक शब्द न बोलता.
बीड तसंच वागतं.
पोलाद आधी झुकतं. छताला केसाएवढी भेग पाडतं,
दार चौकटीत अडकवतं,
सांगतं: अजून वेळ आहे, निघा.
मी पोलाद लिहून देते.

छत्तीसशेचा गाळा. दोन्ही टोकांना बसकीचे दगड.
वाकण्याची मुभा: दहा मिलिमीटर.
क्लिफर्डनं अंगठा आणि बोट तेवढंच फाकवून धरलं,
हात थरथरत होता, पण माप बरोबर.

"उद्या सकाळी माणूस येईल, धिरे लावायला.
तोवर वरच्या खोलीत झोपू नका."
"त्याच खोलीत झोपत आलोय आम्ही," बाई म्हणाल्या,
"कपाटाच्या बाजूला मी."
जिन्याकडे बघितलं.
"उशी तरी आणू की नको?"

मी नको म्हणायच्या आत त्या वर गेल्या.
फळ्या वाजू लागल्या.
चहा तसाच ठेवून मी खालून ऐकत राहिले:
तुळई, तुळई,
मधली पोकळी,
तुळई.